३५ वर्षं न पोचवलेली चिठ्ठी – आता द्यावी का?

माहेरवाशीण_४११०३० (८ जून, रात्री ११:४२)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहायची ही पहिलीच वेळ, चूकभूल द्या घ्या.

नारायण पेठेतला आमचा वाडा आता पाडणार आहेत. बिल्डरनं खोल्या रिकाम्या करायची शेवटची तारीख दिलीये, भाऊ परदेशात, आई माझ्याकडे असते, त्यामुळे माळ्यावरची आवराआवर माझ्याच गळ्यात आली. गेल्या रविवारी मदतीला आलेल्या मावशींना खाली चहा आणायला पाठवलं आणि पत्र्याची ट्रंक उघडली. तिच्यात माझी शाळेतली कंपासपेटी, आणि तिच्या तळाशी, कर्कटक आणि गुण्याच्या खाली, घड्या घालून दाबून बसवलेलं एक पाकीट. चिकटवलेलं, न उघडलेलं.

ते माझं नाही. १९८९ च्या मे महिन्यात आमच्या वाड्यातल्या एका ताईनं ते माझ्याकडे दिलं होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची, ती बावीस-तेवीसची. आमच्याच वाड्यात जिन्याखालच्या खोलीत एक दादा भाड्यानं राहायचा, इंजिनियरिंगला होता, शेवटचं वर्ष. त्याला भिलाईला नोकरी लागली होती आणि त्या रात्री तो कायमचा निघणार होता. वाड्यात दोघांनी बोलणं शक्यच नव्हतं, चौकात नळावर कायम कोणीतरी असायचंच. ताई म्हणाली, तो पाच वाजता ओंकारेश्वराला येणारे, त्याच्या हातात दे, दुसऱ्या कोणाला नाही. वर एक रुपया दिला, भेळेला.

मी विसरले. खेळायला गेले असेन. मग तो गेला, आणि नंतर सांगायची भीती वाटली. ताईनं विचारलं तेव्हा मान डोलावली.

ताईचं १९९१ मधे लग्न झालं, डोंबिवलीला दिलं होतं. आता ती कोथरूडला असते, मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले, मुलगा बेंगलोरला. आमच्या दोन-तीन महिन्यांनी भेटी होतात. माझ्यावर तिचा अजूनही फार जीव आहे, हेच तर अवघड आहे.

प्रश्न एवढाच: चिठ्ठी द्यावी, की वाड्याबरोबर तीही जाऊ द्यावी?

तिरकस (८ जून, रात्री ११:५८)

पुण्यातली कुरिअर सेवा तेव्हाही अशीच होती तर. एक ते चार बंद.

उकडीचा_मोदक (९ जून, सकाळी ६:२०)

बापरे. रुमाल टाकून ठेवते, ऑफिसला पोचून सविस्तर लिहिते.

वेताळटेकडी (९ जून, सकाळी ७:०५)

द्या. त्यात विचार करण्यासारखं काय आहे? वस्तू त्यांची, त्यांना परत. मुलांना आपण हेच शिकवतो ना, सापडलेलं पेन बाईंकडे जमा कर म्हणून.

मीठमिरची (९ जून, सकाळी ९:३१)

पेन आणि प्रेमपत्र एकच काय हो वेताळ?

माझं मत अगदी उलट आहे आणि ते अनुभवातून आलंय. माझ्या एका जवळच्या नातेवाइकाची अँजिओप्लास्टी झाली. घरी आल्यावर त्याला काय झालं कोणास ठाऊक, बायकोला समोर बसवलं आणि वीस वर्षांपूर्वीचं एक प्रकरण सांगून टाकलं. संपलेलं, तिला कधी कळलंही नसतं असं. म्हणाला, आता मन हलकं झालं. झालं ना, खरंच झालं, त्या दिवसापासून तो गाढ झोपतो. आणि ती रात्री दोन वाजता उठून ओटा पुसत असते. आता जुना अल्बम काढला की प्रत्येक फोटोत तारीख बघते, हा तेव्हाचा का, तेव्हा ते चालू होतं का.

तुम्हाला आज बरं वाटावं म्हणून त्या बाईंनी सत्तावन्नाव्या वर्षी आपलं आख्खं आयुष्य परत का वाचायचं? मन खातंय ना तुमचं, मग खाऊ दे. तुमचंच आहे ते.

खडूस_सदाशिव (९ जून, सकाळी ९:५०)

मीठमिरचीशी प्रथमच सहमत. नोंद व्हावी.

नवी_पालवी (९ जून, सकाळी १०:१४)

मी २४ ची आहे त्यामुळे कदाचित मला कळत नसेल पण मला तर त्या ताईंच्या जागी असते तर कळायलाच हवं होतं असं वाटतं. म्हणजे बघा ना, त्यांना वाटतंय की त्याने वाचलं आणि रिप्लाय दिला नाही. ३५ वर्षं ब्लू टिक बघत बसल्यासारखं आहे हे. आणि खरं तर मेसेज डिलिव्हरच झाला नव्हता, एकच राखाडी टिक. फरक आहे यार खूप. मला एकाने चार महिने बोलून अचानक उत्तर देणं बंद केलं तर मी अजून विचार करते की माझं काय चुकलं. फक्त चार महिने.

तिरकस (९ जून, सकाळी १०:२०)

पालवी, त्याच्या कंपासपेटीत बघा एकदा.

उकडीचा_मोदक (९ जून, सकाळी ११:०२)

पालवीच्या राखाडी टिकला शंभर मोदक.

शास्त्रीबुवा (९ जून, दुपारी १२:४५)

या धाग्याला नारायण पेठ आणि ओंकारेश्वर असल्यामुळे राहवत नाही. तिथून चालत पाच-सात मिनिटांवर शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाचा तिथे खून झाला, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना तोंडावर सांगितलं की याला देहांत प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही. आणि नोकरी सोडून पुण्याबाहेर निघून गेले. सदसद्विवेकबुद्धी म्हणतात ती ही. पुणेकराला याहून मोठा दाखला नको. लेखिकेनं सत्य सांगावं, परिणाम काय व्हायचा तो होवो.

खडूस_सदाशिव (९ जून, दुपारी १:०१)

एक ते चार जागे दिसताय बुवा.

रामशास्त्री थोर, वाद नाही, पण त्यांनी प्रायश्चित्त दुसऱ्याला सांगितलं. ते सोपं असतं असं नाही म्हणत, पेशव्याला सांगायला छाती लागते. पण स्वतःच्या कंपासपेटीत काय आहे ते बघायला वेगळीच छाती लागते. तुलना चुकली.

तिरकस (९ जून, दुपारी १:१०)

आणि त्या खुनाचं मूळ पण चिठ्ठीच की. 'ध' चा 'मा'. 'धरावे'चं 'मारावे'. माहेरवाशीणबाईंनी ध चा मा केला नाही, त्यांनी ध दिलाच नाही, हा पेठेतला नवा प्रकार.

शास्त्रीबुवा (९ जून, दुपारी १:२२)

ध चा मा ही आख्यायिका आहे, तसं पत्र कोणी दाखवलेलं नाही. आनंदीबाईंवर उगाच अडीचशे वर्षं खापर. बाकी चालू द्या.

मीठमिरची (९ जून, दुपारी १:३०)

बरोबर बुवा. न सापडलेल्या पत्रावरून एका बाईला अडीचशे वर्षं दोषी धरलं आपण. आणि इथे सापडलेलं पत्र आहे तर द्यायचं की नाही यावर चर्चा.

अरे थांबा, हे माझ्याच मताविरुद्ध गेलं.

खडूस_सदाशिव (९ जून, दुपारी १:३४)

हाहा. सहमती मागे घेतो. शिवाय 'सदसद्विवेकबुद्धी' हा शब्द बोलणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, लिहिणाराच दिसतो. एवढा लांब शब्द टोचत नाही कोणाला. टोचतं ते 'मनाची नाही तर जनाची तरी'. माझी आज्जी एवढंच म्हणायची आणि आम्ही चोरलेले लाडू परत डब्यात ठेवायचो, खाल्लेला अर्धा सुद्धा.

टपालकाका (९ जून, सायं. ५:४०)

छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली, अर्धी बीटवर, अर्धी काउंटरला. म्हणून हा धागा दोनदा वाचला.

आमच्याकडे पत्र पोचलं नाही तर काय करतात ते सांगतो. पोस्टमन पाकिटावर शेरा मारतो: घेणारा गाव सोडून गेला, पत्ता अपुरा, घेण्यास नकार, जे असेल ते. मग मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असेल तर पत्र तिकडे परत. पत्ता नसेल तर आरएलओ म्हणजे रिटर्न्ड लेटर ऑफिसला जातं. तिथली ठरवून दिलेली माणसंच ते पाकीट उघडू शकतात, आणि ते पण पाठवणाऱ्याचा पत्ता आत कुठे आहे का एवढं बघायला. बाकी कोणी, अगदी पोस्टमास्तर सुद्धा, हात लावायचा नाही. आणि एक गोष्ट, पत्र पेटीत टाकल्यावर माणसाचं मन बदललं तर अर्ज करून, फी भरून ते परत मागता यायचं, वाटप व्हायच्या आत. असे अर्ज माझ्या हातून गेलेत. एक मुलगी लग्नाच्या आधी दोन दिवस आली होती, हात थरथरत होते, मी शिक्का जरा हळूच मारला.

सांगायचं काय, पत्र पोचेपर्यंत पाठवणाऱ्याचं असतं आणि न पोचलेलं पत्र पाठवणाऱ्याला परत जातं. ते चांगलं आहे का वाईट, त्याला वाचून रडू येईल का, हे पोस्टमननं ठरवायचं नसतं. तुम्ही पोस्टमन होता, बाई. अकरा वर्षांच्या, पण होता.

एकटाजीव (९ जून, रात्री ९:१५)

टपालकाका, साष्टांग नमस्कार.

मी १९९३-९४ ला नागपूरला होतो, बदली. मंडळी पुण्यात, तिची शाळेतली नोकरी. आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्यांचा पीपी नंबर होता. दर बुधवारी रात्री उशिरा, दर पाव झाला की एसटीडी बूथवर रांग लावायची. काचेच्या खोक्यात उभं राहून लाल आकडे पळताना बघायचे आणि बोलायचं. खरं सांगायचं तर बोलणं कमी आणि आकडे बघणं जास्त. तीस रुपये झाले की मी 'बरंय मग' म्हणायचो. त्या 'बरंय मग'ची वाट ती आठवडाभर बघायची हे मला फार उशिरा कळलं.

एका बुधवारी पत्ते रंगले. गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, लाईन मिळाली नाही. ती म्हणाली हो का, मी साडेबारापर्यंत त्यांच्या हॉलमध्ये बसले होते. त्यांना झोपायचं होतं, त्यांनी दिवा घालवला, मग मी अंधारातच बसले फोनजवळ.

ती २०१७ ला गेली. त्याआधी तेवीस वर्षं आम्ही एकत्र होतो, रोज चहाला समोरासमोर, आणि 'लाईन मिळाली नाही' हे खोटं होतं एवढं एक वाक्य मला सांगता आलं नाही. तसं क्षुल्लकच आहे. पण रात्री घरातला दिवा घालवताना अजून बटणावर हात थांबतो.

तुमच्या ताई आहेत. एवढंच म्हणतो.

उकडीचा_मोदक (९ जून, रात्री ९:२८)

काका... काय बोलू.

सांगलीकर_पुण्यात (९ जून, रात्री १०:०२)

एकटाजीव, वाईट वाटलं वाचून.

जरा वेगळं. तो दादा आमच्या बाजूचा होता का हो? कारण त्या काळात आमच्याकडची निम्मी पोरं इंजिनियरिंगला पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर. भिलाईला गेलेले दोघं-तिघं तर माझ्या ओळखीतच निघतील. नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंत तर दोन दिवसात नंबर काढून देतो. फेसबुकवर बॅचचे ग्रुप असतात.

वेताळटेकडी (९ जून, रात्री १०:०९)

अजिबात नको. एक चिठ्ठी न विचारता अडवली, आता माणूस न विचारता शोधायचा? आधी ज्यांची आहे त्यांना विचारा.

सांगलीकर_पुण्यात (९ जून, रात्री १०:१२)

बरं बरं, रागावू नका. आमच्याकडे मदत करायची सवय आहे, पुण्यात विचारून करतात हे विसरलो.

भिडेपुलाखाली (१० जून, सकाळी ८:४४)

अवांतर होईल पण नदी आणि पत्रं म्हणून सांगतो. माझ्या आज्जीकडे आजोबांची लग्नाआधीची पत्रं होती, पितळी डब्यात. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, आमचं घर शनिवारात नदीच्या बाजूला. डबा गेला, भांडी गेली, सगळंच गेलं. आज्जी म्हणायची, बरं झालं, नदीनं वाचली, नाहीतर सुनांनी वाचली असती. पण दर वर्षी १२ जुलैला ती दुपारी एकटी घाटावर जाऊन यायची हे पण खरं. कशाला जातेस म्हटलं तर म्हणायची, भाजी आणायला. तिथे भाजी कुठे मिळते?

काजूकतली (१० जून, सकाळी १०:३०)

मला एक कळत नाहीये. सगळे द्या-नको द्या करतायत पण मूळ लेखात एक गोष्ट कोणाला खटकली नाही का?

माहेरवाशीणताई, रागवू नका. तुम्ही लिहिलंय की मावशींना चहा आणायला पाठवलं 'आणि' ट्रंक उघडली. म्हणजे ट्रंकेत काय आहे ते तुम्हाला उघडायच्या आधीच माहीत होतं. आणि खेळायला जाताना विसरलेली चिठ्ठी फ्रॉकच्या खिशात राहते, धुण्यात जाते, लगदा होतो. ती घड्या घालून कर्कटकाखाली नीट बसत नाही. पस्तीस वर्षं.

नक्की विसरलात?

तिरकस (१० जून, सकाळी १०:३३)

(पॉपकॉर्न खाली ठेवले.)

मीठमिरची (१० जून, सकाळी १०:५०)

काजूकतली, हे जरा जास्तच होतंय. बाई पहिल्यांदा लिहितायत.

काजूकतली (१० जून, सकाळी ११:०५)

म्हणूनच विचारलं. चुकीचं असेल तर माफी मागते, पण माझ्याकडे पण एक असा डबा आहे म्हणून मला वास आला. कुठला ते विचारू नका.

माहेरवाशीण_४११०३० (१२ जून, रात्री १:१७)

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण उत्तर माहीत होतं.

विसरले नव्हते. गेले होते मी. पाचच्या आधीच गेले. चपला हातात घेऊन देवळात गेले, दादा नदीच्या बाजूला कठड्याशी उभा होता, पांढरा शर्ट, घड्याळ बघत होता. मी खांबामागे उभी होते, चार पावलं चालायचं होतं फक्त.

तो मला स्कॉलरशिपचं गणित शिकवायचा. जिन्याखालच्या खोलीत, मी आणि अजून दोन मुलं. मला काळ-काम-वेगाची आणि हौद-नळाची गणितं येत नव्हती, तो वाड्यातल्या हौदाशी नेऊन खरं पाणी सोडून दाखवायचा. मला हुशार म्हणणारा तो पहिला माणूस. आता सेहेचाळिसाव्या वर्षी त्याला काय म्हणायचं ते कळतं, तेव्हा फक्त एवढं कळत होतं की तो जाणारे आणि मला त्यानं काहीच सांगितलं नाहीये, आणि ज्याची तो वाट बघतोय ते माझ्यासाठी नाही, माझ्या हातातलं आहे. आणि ताईचा पण राग आला होता. माझी वेणी घालणारी ताई, मला सिनेमाला नेणारी ताई, तिनं मला एवढं मोठं सांगितलं नव्हतं, नुसतं पाकीट दिलं आणि रुपया दिला. रुपयाचा सगळ्यात जास्त राग आला होता.

मी मागे फिरले आणि पळाले. भेळ खाल्ली नाही, रुपया दानपेटीत टाकला, म्हणजे तेव्हाच माहीत होतं की चूक करतेय. रात्री दादा निघताना सगळे चौकात जमले होते. त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली, ताईकडे एकदाच बघितलं. ताई त्याच्याकडे बघून हसली, तिला वाटत होतं त्याला मिळालीये. ते हसणं मी पस्तीस वर्षं बघतेय.

'विसरले' हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की इथे लिहितानाही तेच आलं. काजूकतली, माफी कसली मागताय.

खडूस_सदाशिव (१२ जून, सकाळी ६:३५)

अकरा वर्षांची होतात. अकरा.

शास्त्रीबुवा (१२ जून, सकाळी ७:१०)

देहांत प्रायश्चित्त मागे घेतो.

नवी_पालवी (१२ जून, सकाळी ९:००)

मी लोकलमधे रडतेय. म्हणजे मेट्रोत. वनाझला उतरायचं होतं, तिथेच संपते म्हणून बरं.

मीठमिरची (१२ जून, सकाळी ९:४०)

आता माझं मत सांगू का? सकाळपासून बदलतंय. चिठ्ठी द्यायची असेल तर हे पण द्यावं लागेल. नुसतं 'कंपासपेटीत सापडली गं, विसरले होते' म्हणून दिलीत तर दुसऱ्यांदा खोटं. आणि हे सगळं सांगायची तयारी नसेल तर देऊ नका, जाळा. अर्धं पोचवू नका.

अँजिओप्लास्टीवाल्या नातेवाइकाबद्दल जे लिहिलं ते अजूनही तसंच आहे. पण तिथे तिला कळून तिच्या हातात काही येणार नव्हतं. इथे त्यांचीच वस्तू त्यांच्या हातात येतेय. फरक आहे बहुतेक. मला नीट मांडता येत नाहीये.

टपालकाका (१२ जून, सकाळी १०:२५)

नीट मांडलंत.

तिरकस (१२ जून, सकाळी १०:३०)

एक प्रामाणिक शंका. विनोद नाही. त्या ताईंनी नंतर टपालाने दुसरं पत्र का नाही पाठवलं? पिनकोड १९७२ पासून आहे देशात.

एकटाजीव (१२ जून, सकाळी ११:१२)

तिरकस, ज्या पत्राला उत्तर आलं नाही त्याच्या मागून दुसरं पत्र टाकायला फार मोठा माणूस लागतो. किंवा फार लाज सोडलेला. आपण बहुतेक मधलेच असतो.

तिरकस (१२ जून, सकाळी ११:१५)

पटलं.

उकडीचा_मोदक (१९ जून, दुपारी ४:००)

माहेरवाशीण, काही झालं का हो पुढे? रोज धागा उघडून बघते.

खडूस_सदाशिव (१९ जून, दुपारी ४:०६)

मालिका नाहीये ही. रोज आठला नवीन भाग लागत नाही.

भिडेपुलाखाली (१२ जुलै, सायं. ६:१०)

आज १२ जुलै म्हणून घाटावर जाऊन आलो. भाजी मिळाली नाही. धागा आठवला म्हणून वर आणतोय.

माहेरवाशीण_४११०३० (२० ऑक्टोबर, रात्री १०:३६)

इतक्या महिन्यांनी लिहितेय, कोणी वाचेल की नाही माहीत नाही.

जूनच्या शेवटच्या शनिवारी गेले होते ताईकडे. चिठ्ठी दिली आणि सगळं सांगितलं, खांबासकट, रुपयासकट. ती काही बोलली नाही. चष्मा शोधला, पाकिटावर तिनं त्याचं नाव लिहिलं होतं त्याच्याकडे बराच वेळ बघत होती आणि म्हणाली, अक्षर काय छान होतं गं माझं. उघडलं नाही. मग एकदम म्हणाली, मी त्याला ओळख दाखवली नाही.

मला कळेना. तर १९९७ ला पुण्यात एका लग्नात तो तिला भेटला होता. कार्यालयाच्या दारात. तिचा मुलगा कडेवर. तो स्वतःहून समोर आला, बायकोला घेऊन, नमस्कार केला, आणि ताई म्हणाली, आपण कोण? चार लोकांत. त्याचा चेहरा कसा झाला ते मला तिनं दोनदा सांगितलं. तिला आठ वर्षांचा राग होता, वाचून उत्तर न देणाऱ्या माणसाचा. तो बिचारा फक्त जुन्या वाड्यातली ओळख म्हणून आला असेल, किंवा नसेल.

इथे सगळ्यांनी विचार केला की सांगितल्यानं तिला काय होईल. न सांगितल्यानं काय होऊन गेलंय हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि त्या माणसाचं तर आपण कोणीच काही धरलं नव्हतं.

तिनं चहा केला. आम्ही प्यायलो. मग म्हणाली, आता तू ये. म्हणजे जा. दारापर्यंत आली नाही.

त्यानंतर फोन नाही. गौरी-गणपतीला हळदीकुंकवाला दर वर्षी बोलावते, यंदा नाही. मी दोनदा मेसेज केला, वाचलेला दिसला, उत्तर नाही. पालवी, ती ब्लू टिक मी पण बघितली मग. बरोबरच आहे.

दसऱ्यानंतर तिचाच फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. म्हणाली, कुठे उभा होता ते दाखव.

गेल्या बुधवारी गेलो, रिक्षानं, गाडी लावायला तिकडे जागा नसते. आधी वाड्यावरून गेलो. पत्रे लावलेत सगळीकडे, फटीतून बघितलं तर जिना गेला, हौद आहे अजून. ताई म्हणाली, हौद शेवटी पाडतील, दगड घट्ट आहे. मग ओंकारेश्वराला. मी कठडा दाखवला. माझा खांब पण दाखवला, तो तिनं नुसताच बघितला. ती तिथे जाऊन उभी राहिली. नदीला पाणी बऱ्यापैकी होतं, वास पण होता. विचारलं, किती वेळ थांबला होता? मी म्हटलं माहीत नाही, मी लगेच पळाले. तिनं मान हलवली.

पाच वाजून गेले तरी ती हलेना. शेवटी म्हणाली, इथं या वेळेला ऊन थेट डोळ्यावर येतं. त्याला ऊन सोसायचं नाही, डोकं दुखायचं.

टपालकाका (२० ऑक्टोबर, रात्री ११:०५)

वाचलं.

सांगलीकर_पुण्यात (२१ ऑक्टोबर, सकाळी ७:५०)

ताईंनी सांगितलं तरच हं, पण भिलाईवाल्याचा नंबर काढायचा असेल तर मी आहे. या वेळी विचारून करतोय.

माहेरवाशीण_४११०३० (२१ ऑक्टोबर, सकाळी ९:१२)

तिला सांगितलंय तुमच्याबद्दल. 'बघू' म्हणाली.

काजूकतली (२१ ऑक्टोबर, सकाळी ९:४०)

मी माझा डबा उघडला जुलैमधे. एवढंच सांगायचं होतं.

फुकटचा_सल्ला (२१ ऑक्टोबर, सकाळी १०:१८)

आख्खा धागा एका दमात वाचला. पण चिठ्ठीत काय होतं????

खडूस_सदाशिव (२१ ऑक्टोबर, सकाळी १०:१९)

नावाला जागलात.

तिरकस (२१ ऑक्टोबर, सकाळी १०:४०)

काही सुचत नाहीये. वाचून गेलो एवढं कळवायला लॉगिन केलं.

नवी_पालवी (२१ ऑक्टोबर, दुपारी १२:०३)

ताईंनी माफ केलं का तुम्हाला? म्हणजे तसं काही म्हणाल्या का परत येताना?

माहेरवाशीण_४११०३० (२१ ऑक्टोबर, दुपारी १२:३०)

नाही म्हणाली तसं काही. रिक्षात गप्पच होती. उतरताना म्हणाली, आवळे आले की दोन किलो आण, मोरावळ्याला, मंडईतून आण, कोथरूडला फार महाग देतात. आणि पैसे माझ्याकडून घे, म्हणाली, तुला फुकट काम सांगणार नाही आणि रुपया तर देणारच नाही.